निजलेल्या रोग्याची साक्ष

डोळा लवूं लागला कीं घरांत त्याचे अर्थ लावण्यास प्रारंभ होतो. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा लवला तर शुभ, उलट झालें तर अशुभ, हा हिशेब आजीबाईंच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. कालिदासाच्या शाकुंतलांतहि आश्रमांत पाऊल टाकतांना दुष्यंताचा बाहु स्फुरतो आणि तो त्यावरून पुढील भाग्याचा तर्क करतो. वस्तुतः पापणीच्या या लवण्यामागें बहुतेक वेळां जागरण, चहाचा अतिरेक किंवा डोळ्यांचा शीण यांहून मोठें कारण नसतें. कांहीं दिवसांत तें आपोआप थांबतें आणि त्याबरोबर शकुनहि विसरला जातो.

परंतु थोड्या माणसांच्या बाबतींत तें थांबत नाहीं. एका डोळ्याच्या खालच्या पापणीपासून आरंभ झालेली ही फडफड महिन्यामहिन्यांनीं गालावर उतरते, ओठाचा कोपरा ओढूं लागते, हनुवटीपर्यंत आणि कधीं कधीं मानेच्या वरवरच्या स्नायूपर्यंत जाऊन पोंचते. अखेर चेहऱ्याची ती सबंध बाजू एकाएकीं आखडते, डोळा मिटतो, तोंड वांकडें होतें आणि क्षणभरानें सारें पूर्ववत्‌ होतें. दिवसांतून असे आचके कित्येकदां येतात. झोपेंतहि ते पूर्णपणें थांबत नाहींत. वैद्यकांत या विकारास हेमिफेशियल स्पॅझम, म्हणजे अर्ध्या चेहऱ्याचें आखडणें, असें नांव आहे. पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो अधिक आढळतो आणि बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास सुरू होतो.

हा रोग दुर्मिळ आहे खरा. पण अगदीं विरळाहि नाहीं. परदेशांत झालेल्या गणनांवरून लाख लोकवस्तींत सुमारें दहा रोगी असें प्रमाण धरलें जातें. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत बारा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. तेंच प्रमाण येथेंहि लावलें, तर या एका शहरांत शंभराहून अधिक माणसें हें दुःख घेऊन वावरत असावींत. त्यांतील कित्येकांना आपल्या विकारास नांव आहे व त्यावर उपाय आहे हेंहि ठाऊक नसेल.

या रोगानें जीव जात नाहीं आणि सहसा वेदनाहि होत नाहींत. म्हणूनच घरचीं माणसें त्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु वसईकडील एखादी फुलवाली डोळ्यांपुढें आणावी. पहाटेच्या गाडीनें मोगऱ्याची टोपली घेऊन ती दादरच्या बाजारांत बसते. बोलतां बोलतां तिचा डावा डोळा मिटतो आणि समोरच्या गिऱ्हाइकास वाटतें कीं बाईनें डोळा घातला. कोणी हंसतो, कोणी भलताच अर्थ घेतो. कांहीं दिवसांनीं ती पदराच्या आड तोंड लपवूं लागते, लग्नकार्यास जाणें टाळते आणि शेवटीं बाजारहि सोडते. शिक्षक, कंडक्टर, वकील, दुकानदार, ज्याला ज्याला लोकांसमोर उभें राहून पोट भरावयाचें असतें, त्या प्रत्येकाची हीच गत होते. त्यांतच ‘मनावर ताबा ठेवा, थांबेल’ असा उपदेश करणारे चार जण भेटतात. काळजीनें व श्रमानें हे आचके वाढतात हें खरें. परंतु त्यांचा उगम मनांत नाहीं, ही गोष्ट घरांतील प्रत्येकानें आधीं समजून घेतली पाहिजे.

ही ओळख पटविण्यास एक साधी खूण आहे. सामान्य माणसानें एक डोळा घट्ट मिटला तर त्या बाजूची भुंवई खालीं येते. या रोगांत मात्र डोळा मिटत असतांनाच त्याच बाजूची भुंवई वर चढते. मुद्दाम ठरवून असें करणें मनुष्यास जवळजवळ अशक्य आहे. फ्रेंच मज्जारोगतज्ज्ञ बाबिन्स्की यानें १९०५ मध्यें या विकाराचें वर्णन करतांना ही खूण नमूद केली आणि ती आजहि उपयोगी पडते. तसेंच दोन्ही डोळे एकदम आवळले जाणें, किंवा अर्धा चेहरा लुळा पडणें, हे निराळे विकार होत. त्यांचे उपायहि निराळे.

आतां कारण. १८७५ मध्यें शुल्त्से या जर्मन वैद्यानें अशा एका रोग्याची मृत्यूनंतर तपासणी केली. तेव्हां कवटीच्या तळाशीं फुगलेली एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूवर दाब देत असलेली त्याला आढळली. ही नोंद पुढें फार मोलाची ठरली. मेंदूच्या देठापासून निघून कानामागील हाडाच्या बोगद्यांतून जो मज्जातंतु चेहऱ्याकडे येतो, त्याच्याच आज्ञेनें मनुष्य हंसतो, डोळे मिटतो, फुंकर घालतो. हा तंतु देठांतून जेथें बाहेर पडतो, तेथें त्यावरील वेष्टण बदलतें व तेवढा भाग नाजूक असतो. वय वाढतें तशा धमन्या लांबतात व वळणें घेतात. त्यांपैकीं एखादें वळण नेमकें त्या नाजूक जागीं येऊन टेकलें, तर नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तंतूवर एक टपली बसते. मिनिटास सत्तर ठोके धरले तरी दिवसाकाठीं या टपल्या एक लाखाच्या वर जातात. वर्षानुवर्षांच्या या आघातानें वेष्टण झिजतें. आवरण झिजलेल्या विजेच्या तारा एकमेकींस लागाव्या, त्याप्रमाणें डोळ्याकडे जाणारा संदेश हनुवटीकडेहि वळतो. शिवाय मेंदूच्या देठांतील मूळ केंद्रच चिडखोर बनतें. या दोहोंपैकीं मुख्य दोष कोणाचा, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झालेला आहे. मात्र धमनीचा दाब हें मूळ कारण बहुतेकांना मान्य आहे. क्वचित्‌ धमनीच्या ऐवजीं गांठ निघते. म्हणून एम.आर.आय. तपासणी करून घेणें अवश्य असतें.

उपाय तीन आहेत. गोळ्यांचा उपयोग थोडा व तात्पुरता होतो. दुसरा उपाय बोटुलिनम नांवाच्या विषाच्या अत्यंत सूक्ष्म मात्रेची टोंचणी हा होय. तिनें आखडणारे स्नायू ढिले पडतात आणि बहुतेकांस चांगला आराम मिळतो. परंतु हा आराम सुमारें तीन-चार महिने टिकतो व पुन्हां टोंचून घ्यावें लागतें. तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. अमेरिकेंत गार्डनर यानें १९६२ मध्यें अशा रोग्यांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें पिट्सबर्गच्या पीटर जॅनेटा यानें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें हीच क्रिया पद्धतशीर केली व जगास शिकविली. भारतांतहि ती अनेक वर्षें होत आहे. पुण्याचे मेंदूशल्यविशारद डॉ. जयदेव पंचवाघ यांनीं या प्रकारच्या शस्त्रक्रियेस आपल्या कामांत विशेष स्थान दिलें असून मेंदूच्या विकारांविषयीं मराठींतून लेखनहि केलें आहे.

या शस्त्रक्रियेंत कांहीं कापून काढावयाचें नसतें, हेंच तिचें वैशिष्ट्य. कानामागें लहान छेद घेऊन कवटीस मोठ्या नाण्याएवढें भोंक पाडतात, मेंदूचें आवरण उघडतात, आंतील पाणी वाहूं देतात आणि लहान मेंदू हलकेच बाजूस करून त्या तंतूच्या मुळाशीं पोंचतात. तेथें टेकलेली धमनी उचलून दोहोंमध्यें टेफ्लॉनच्या धाग्यांची चिमूटभर गादी बसवितात. बस्स, एवढेंच. भांडणाऱ्या दोघांमध्यें तिसऱ्यानें उभें राहावें तसा हा प्रकार आहे.

परंतु हें ‘एवढेंच’ ज्या जागीं करावयाचें, ती जागा फार बिकट आहे. चेहऱ्याच्या तंतूस अगदीं खेटून श्रवणाचा तंतु जातो. लहान मेंदू बाजूस करतांना हा श्रवणतंतु ताणला जातो. त्याला रक्त पुरविणारी वाहिनी केसासारखी बारीक असते आणि ती नुसत्या स्पर्शानेंहि आकसूं शकते. मग आचके थांबतात, पण रोगी त्या कानानें कायमचा बहिरा होतो. अनुभवी हातींहि शंभरांतील थोड्या रोग्यांस या संकटास तोंड द्यावें लागतें. ज्या रोगानें जीव जात नाहीं त्यासाठीं कान गमवावा काय, हा प्रश्न रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या पुढें उभा राहतो. आणि तो मुळींच लहान नाहीं.

येथें खरी अडचण अशी कीं, रोगी गाढ भुलींत असतो. दाढ काढतांना दुखलें तर मनुष्य हात वर करतो. येथें त्याचा कान जात असला तरी तो ‘डॉक्टर, थांबा’ असें म्हणूं शकत नाहीं. शस्त्रवैद्यास सूक्ष्मदर्शकांतून तंतूचा रंग व आकार दिसतो. पण तो तंतु काम करीत आहे कीं नाहीं, हें डोळ्यांस दिसत नाहीं. मेलेली तार आणि जिवंत तार पाहणाराला सारखीच दिसते. तेव्हां निजलेल्या रोग्याच्या तंतूलाच बोलतें करावयाचें, ही युक्ति शास्त्रज्ञांनीं काढली.

या युक्तीचें बीज जुनें आहे. बोलोन्या येथील गॅल्व्हानी यानें बेडकाच्या पायावरील आपले विद्युत्‌प्रयोग १७९१ मध्यें प्रसिद्ध केले आणि तंतु व वीज यांचा संबंध जगापुढें मांडला. १८९८ मध्यें जर्मनीचा शस्त्रवैद्य क्राउझे हा कानांतील असह्य नादाकरितां श्रवणतंतु छेदीत असतांना त्यानें शेजारच्या चेहऱ्याच्या तंतूस अगदीं मंद विजेचा स्पर्श दिला. तत्काळ त्या बाजूचा चेहरा हलला. कोणता तंतु कोणता, याची ग्वाही निजलेल्या रोग्याच्या गालानें दिली. त्यानंतर यंत्रें सूक्ष्म झालीं, आलेख कागदावरून पडद्यावर आले. पण तत्त्व तेंच राहिलें.

प्रस्तुत शस्त्रक्रियेंत दोन प्रकारची पाळत ठेवतात. पहिली कानाची. रोग्याच्या कानांत लहानसें ध्वनियंत्र बसवून त्यांतून एकसारखे टक्‌-टक्‌ असे आवाज सोडतात आणि डोक्यावर लावलेल्या तारांच्या साह्यानें मेंदूच्या देठांत उमटणारा प्रतिसाद टिपतात. हा प्रतिसाद इतका क्षीण असतो कीं शेंकडों आवाजांची सरासरी काढावी तेव्हां तो दिसूं लागतो. १९७० च्या सुमारास ज्यूवेट व त्याचे सहकारी यांनीं त्यांतील लहरी ओळखून त्यांस अनुक्रमांक दिले. आवाजानंतर सेकंदाच्या दहा सहस्रांशांच्या आंत या लहरी उमटून जातात. त्यांतील पांचवी लहर सर्वांत विश्वासाची. ती नेहमीपेक्षां एक सहस्रांश सेकंद उशिरां येऊं लागली, किंवा तिची उंची निम्म्यावर आली, तर श्रवणतंतु कष्टी झाला आहे असें सर्वसाधारणपणें समजतात. मग लहान मेंदूस लावलेला दाब सैल करावयाचा, हात काढून घ्यावयाचे आणि वाट पाहावयाची. वेळींच थांबलें तर बहुधा ती लहर हळूहळू पूर्वपदावर येते.

दुसरी पाळत चेहऱ्याची. डोळ्याकडे जाणाऱ्या शाखेस विजेचा सौम्य टोला दिला तर निरोगी माणसाच्या फक्त डोळ्याजवळचा स्नायु हलतो. या रोग्यांत मात्र सुमारें दहा सहस्रांश सेकंदांनीं हनुवटीचा स्नायुहि उत्तर देतो. एकाच्या दारावर थाप मारावी आणि शेजाऱ्यानेंहि ओ द्यावी, तसा हा प्रकार. पिट्सबर्ग येथें जॅनेटा याच्यासमवेत काम करणारा शरीरक्रियाशास्त्रज्ञ आगे मोलर यानें १९८० नंतरच्या दशकांत शस्त्रक्रिया चालूं असतांनाच हें उत्तर टिपलें. धमनी तंतूवरून उचलतांच ती शेजाऱ्याची ‘ओ’ बंद पडते, आणि धमनी परत टेकूं दिली तर पुन्हां ऐकूं येते, असें त्यास दिसून आलें. याचा उपयोग उघड आहे. एका वाहिनीच्या मागें दुसरी दडलेली असली, तर पहिली उचलून झाल्यावरहि हनुवटी उत्तर देतच राहते. शस्त्रवैद्यास त्यावरून समजतें कीं खरा अपराधी अद्याप सांपडलेला नाहीं.

या पाळतीसाठीं भूल देणाऱ्या डॉक्टरांचेंहि साह्य लागतें. पोटाच्या वा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेंत स्नायू पूर्ण शिथिल करणारें औषध देण्याचा प्रघात आहे. येथें तें औषध भरपूर दिलें तर चेहरा मुकाच होईल. म्हणून नळी घालण्यापुरतें तें दिल्यावर पुढें तें टाळतात किंवा अत्यल्प ठेवतात. रोगी गाढ निजलेला हवा, हलतां कामा नये, आणि तरीहि त्याचे स्नायू उत्तर देण्यास मोकळे हवेत, ही तारेवरची कसरत तेथें चाललेली असते. शस्त्रवैद्य, भूल देणारा आणि आलेख वाचणारा या तिघांचा मेळ बसला तरच ही साक्ष खरी उतरते.

परंतु साक्ष म्हणजे निकाल नव्हे. कांहीं रोग्यांत मेंदूचें पाणी वाहून जातांच, धमनीस हात लागण्यापूर्वींच, हनुवटीचें उत्तर नाहींसें होतें. मग त्या आलेखावरून पुढें कांहीं ठरवितां येत नाहीं. उलट कांहींत तें अखेरपर्यंत टिकतें, आणि तरीहि कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं आचके थांबतात. चिडलेला तंतु शांत होण्यास वेळ घेतो. कानाच्या लहरीहि सरासरी काढूनच मिळत असल्यामुळें इशारा येण्यास कांहीं अवधि लागतो, आणि रक्तप्रवाह एकाएकीं तुटला तर इशाऱ्यास फारसा अर्थ उरत नाहीं. यंत्र बसविलें म्हणजे संकट टळलें, अशी समजूत करून घेणें म्हणूनच घातक होय.

त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली लोकलगाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं धांवली. तेव्हांपासून या मार्गावर कितीतरी गाड्या आणि सिग्नल वाढले. पण तांबडा सिग्नल स्वतः गाडी थांबवीत नाहीं. तो पाहून गाडी उभी करणारा मनुष्य लागतो. शस्त्रक्रियागृहांतील आलेखाचेंहि तसेंच आहे. लहर उशिरां येऊं लागली हें सांगणारा तंत्रज्ञ निर्भीड हवा, आणि तें ऐकून, काम अगदीं हातातोंडाशीं आलेलें असतांहि, थांबणारा शस्त्रवैद्य विनयशील हवा. पडद्यावर इशारा उमटला पण कोणी बोललें नाहीं, किंवा कोणी बोललें पण ऐकलें गेलें नाहीं, तर तें महागडें यंत्र असून नसल्यासारखेंच.

म्हणून ज्या कुटुंबावर असा निर्णय घेण्याची पाळी येईल, त्यानें डॉक्टरांस कांहीं प्रश्न मोकळेपणानें विचारावे. या प्रकारच्या किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत? त्या वेळीं कान व चेहरा या दोहोंवर पाळत ठेवली जाईल काय? आलेख कोण वाचणार, आणि तो आरंभापासून शेवटपर्यंत तेथें उपस्थित असणार काय? इशारा मिळाला तर आपण काय करतां? शस्त्रक्रियेपूर्वीं दोन्ही कानांची तपासणी करून तिची नोंद ठेवली जाईल काय? हे प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. ज्याचें काम चोख आहे अशा डॉक्टरास त्यांचा राग येत नाहीं. किंबहुना रोगी समजून-उमजून आला आहे याचें त्यास समाधानच वाटतें.

मुंबईस जाण्याची सोय वसई-विरारकरांना आहेच. १९२६ मध्यें स्थापन झालेलें परळचें के.ई.एम. रुग्णालय हें महानगरपालिकेचें असून तेथें मज्जारोग व मेंदूशल्य असे दोन्ही विभाग आहेत. एकदां तज्ज्ञाचा सल्ला घेतला म्हणजे शस्त्रक्रिया करवून घेतलीच पाहिजे, असेंहि नाहीं. ज्याचें वय फार झालें आहे, हृदय दुर्बळ आहे, किंवा ज्याचा दुसरा कान आधींच गेलेला आहे, त्यानें टोंचणीवर समाधान मानणें हाच शहाणपणा ठरेल. उलट ज्या तरुण शिक्षिकेस अजून पंचवीस वर्षें वर्गापुढें उभें राहावयाचें आहे, तिनें केवळ भीतीपोटीं शस्त्रक्रिया नाकारण्याचें कारण नाहीं. कुशल हातीं शंभरांपैकीं सुमारें नव्वद रोग्यांना या शस्त्रक्रियेनें पूर्ण किंवा बहुतांशीं आराम पडतो. मात्र ज्या थोड्यांस पडत नाहीं, त्यांचाहि विचार निर्णयापूर्वींच झालेला असावा.

एके काळीं शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेला मनुष्य म्हणजे सर्वस्वीं परस्वाधीन जीव असें मानीत. आज त्याचा कान आणि त्याची हनुवटी त्याच्या वतीनें बोलूं शकतात. तें बोलणें फार हळू असतें, सेकंदाच्या सहस्रांशांत मोजावें लागतें, आणि कधीं कधीं फसवेंहि असतें. तरी पण तें ऐकण्यासाठीं एक माणूस त्या खोलींत खास बसलेला आहे, आणि त्याच्या एका शब्दावर दुसरा माणूस आपला हात आवरण्यास तयार आहे, एवढी खात्री करून घेऊनच रोग्यानें डोळे मिटावे. यंत्राची किंमत या दोन माणसांच्या परस्परविश्वासावर ठरते. आणि त्याच विश्वासावर रोग्याचें ऐकणें व त्याचें हंसणें, हीं दोन्ही अवलंबून असतात.